एका डावावर चौदा वर्षं

कार्लोस कॉन्डिट हा काही लिंबूटिंबू लढवय्या नव्हता. २०१६च्या जानेवारीत तो वेल्टरवेट गटाच्या विजेतेपदासाठी रॉबी लॉलरशी पाच फेऱ्या झुंजला होता आणि निकाल इतका निसटता होता, की तो पट्टा खरं तर कॉन्डिटचाच होता असं मानणारे आजही पुष्कळ आहेत. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हर शहरात त्याची गाठ ब्राझीलच्या डेमियन माइयाशी पडली. माइया तेव्हा अडतीस वर्षांचा होता. तो काय करणार हे कॉन्डिटला ठाऊक होतं, त्याच्या प्रशिक्षकांना ठाऊक होतं आणि तिकीट काढून बसलेल्या प्रत्येकालाही ठाऊक होतं. माइया पाय धरणार, खाली पाडणार, पाठीवर चढणार आणि मानेखालून हात घालून आवळणार. लढत सुरू झाली आणि माइयाने हेच केलं, याच क्रमाने. १ मिनिट ५२ सेकंदांत कॉन्डिटने हार मान्य असल्याची थाप दिली.

मिश्र मार्शल आर्ट्स, म्हणजे एमएमए, हा खेळ ज्यांनी फारसा पाहिलेला नाही त्यांना यात काय विशेष असं वाटेल. विशेष हे की या खेळात ठोसे, लाथा, कोपर, गुडघा, पाडापाडी, सांधे पिळणं, गळा आवळणं असं जवळजवळ सगळंच चालतं, आणि म्हणून एकाच विद्येवर विसंबणारा इथे टिकत नाही हे गेल्या पंचवीस वर्षांत गृहीत धरलं गेलं आहे. सगळं थोडं थोडं, पण नीट आलं पाहिजे, हा या खेळाचा रूढ उपदेश. या उपदेशाच्या चौकटीत माइया बसत नाही, म्हणून त्याला अपवाद म्हणून बाजूला काढण्याची पद्धत पडली आहे: जुन्या जमान्यातला शेवटचा कलाकार, वगैरे. मला हे पटत नाही. यूएफसी या एमएमएच्या स्पर्धेतल्या माइयाच्या तेहतीस लढती ओळीने लावून पाहिल्या, तर तो अपवाद नसून एका वेगळ्याच नियमाचं उदाहरण असल्याचं दिसतं. एका विद्येत पारंगत असणं म्हणजे बाकीच्या विद्या न येणं नव्हे. बाकीचं सगळं त्या एका विद्येच्या दिमतीला लावणं, हा त्याचा अर्थ. माइयाने असं केलं तेव्हा तो जिंकला आणि चारचौघांसारखा होऊ पाहिला तेव्हा घसरला. त्याची मर्यादाही होती, मोठी होती, पण टीकाकार दाखवतात त्या जागी नव्हती.

आधी ही विद्या काय आहे ते पाहू. मित्सुयो माएदा हा जपानी जुदोपटू १९१४च्या सुमारास ब्राझीलला पोचला आणि पुढे उत्तरेकडच्या बेलेम शहरात स्थायिक झाला. त्याच्याकडून कार्लोस ग्रेसी शिकला, कार्लोसकडून त्याचे भाऊ, आणि या घराण्याने पुढच्या काही दशकांत तिला जे रूप दिलं ते ब्राझिलियन जिउ-जित्सू. कोल्हापूर-सांगलीकडची कुस्ती बघत वाढलेल्या वाचकाला या विद्येतली एक गोष्ट आधी चमत्कारिक वाटेल. आपल्याकडे मल्लाची पाठ मातीला लागली, तो चीतपट झाला की कुस्ती संपली. जिउ-जित्सूत पाठ टेकली की अर्धा खेळ तिथे सुरू होतो. पाठीवर पडलेला माणूस दोन्ही पायांनी वरच्याला अडवतो, त्याचा तोल बिघडवतो, हात पकडून कोपर उलटा करतो किंवा मांड्यांच्या त्रिकोणात त्याची मान धरतो. जमिनीवरच्या स्थितींची एक उतरंड आहे: प्रतिस्पर्ध्याच्या पायांत अडकलेलं असणं साधं, छातीवर बसता येणं चांगलं, आणि पाठीमागून विळखा घालता येणं सर्वांत उत्तम. मागे असलेल्याला ठोसा मारता येत नाही, तो काय करतो आहे हेही दिसत नाही. तिथून जो गळा आवळला जातो त्यात श्वासनलिका दाबायची नसते. मानेच्या दोन्ही बाजूंच्या रोहिण्या दाबल्या जातात, मेंदूकडे जाणारं रक्त थांबतं आणि साधारण दहा सेकंदांत शुद्ध हरपते. त्याआधी थाप दिली की सुटका. हा सगळा हिशेब आहे, यात चिडण्याला किंवा जोर लावून ओरडण्याला फारसा वाव नाही.

नोव्हेंबर १९९३मध्ये अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरात पहिली यूएफसी स्पर्धा झाली. तिथे वजनगट नव्हते. अंगाने सडपातळ असलेल्या रॉइस ग्रेसीने एका रात्रीत तीन जणांना हरवलं, तेव्हा बॉक्सर आणि कराटेपटूंना जमिनीवर काय करायचं हेच माहीत नव्हतं. पण ही नवलाई फार काळ टिकली नाही. पाडापाडी कशी रोखायची, खाली पडल्यावर उठायचं कसं, मान कशी वाचवायची हे सगळ्यांनी शिकून घेतलं. शतक बदलेपर्यंत जिउ-जित्सू ही गुप्त विद्या उरली नव्हती, ती प्रत्येक लढवय्याच्या शिक्षणातला सक्तीचा विषय झाली होती. माइया यूएफसीत आला तो ऑक्टोबर २००७मध्ये, म्हणजे तो चकवा संपून बराच काळ लोटल्यावर. त्यामुळे समोरच्याला कळत नव्हतं म्हणून तो जिंकला, हे स्पष्टीकरण त्याला लागूच पडत नाही.

साओ पावलोत १९७७ साली जन्मलेल्या माइयाने पत्रकारितेचं शिक्षण घेतलं आणि जिउ-जित्सू सुरू केलं ते एकोणिसाव्या वर्षी. ज्या देशात पोरं शाळेच्या वयात गादीवर उतरतात तिथे ही सुरुवात उशिराचीच म्हणायची. तरी पाचेक वर्षांत त्याने फाबिओ गुर्जेल यांच्या हाताखाली काळा पट्टा मिळवला. अबुधाबीच्या पुढाकाराने भरणाऱ्या एडीसीसी या ग्रॅपलिंगमधल्या (ठोशांविना, फक्त पकडींनी लढण्याच्या खेळातल्या) सर्वांत मानाच्या स्पर्धेत २००५ला रौप्य आणि २००७ला सुवर्ण अशी मजल त्याने मारली. यूएफसीतल्या पहिल्या पाच लढती त्याने पाच जणांचे गळे आवळून जिंकल्या. त्यातली पाचवी, फेब्रुवारी २००९मध्ये लंडनला चेल सॉननविरुद्धची, आजही दाखवली जाते. सॉनन अमेरिकी महाविद्यालयीन कुस्तीत तयार झालेला, अंगाला अंग भिडलं की आपलाच वरचष्मा अशा विश्वासाने तो भिडला. माइयाने त्याला कंबरेपासून धरून बाजूला असं फेकलं, की दोघं खाली आले तेव्हा माइया थेट त्याच्या छातीवर होता. पाठोपाठ मांड्यांचा त्रिकोण आणि थाप. पाडणं, बसणं आणि आवळणं या तिघांमध्ये थांबा असा नव्हताच.

मग आला २००९चा ऑगस्ट. पोर्टलंडला नेट मार्क्वार्टविरुद्ध माइयाने लाथ उचलली, त्याच क्षणी समोरून उजवा ठोसा आला आणि २१ सेकंदांत सगळं आटोपलं. हा त्याचा पहिला पराभव. यातून जो धडा बहुतेकांनी काढला असता तोच त्यानेही काढला: ठोसे शिकायला हवेत. धडा चुकीचा नव्हता, पण त्याची मात्रा चुकली. पुढच्या अडीच वर्षांतल्या सात लढती पाहाव्यात. सातही लढती पंचांच्या गुणांवर गेल्या, चार जिंकल्या, तीन हरल्या, आणि सातांत एकालाही थाप द्यायला लावता आलं नाही. फेब्रुवारी २००९मधल्या सॉननपासून ऑक्टोबर २०१२पर्यंत, म्हणजे साडेतीन वर्षांहून जास्त काळ, जगातल्या सर्वोत्तम ग्रॅपलरांपैकी एकाने कुणाचाही गळा आवळला नाही. याच काळात, एप्रिल २०१०मध्ये, अबुधाबीला त्याला मिडलवेटच्या पट्ट्यासाठी अँडरसन सिल्वाशी लढायला मिळालं, तेही आधी ठरलेला व्हिटर बेलफर्ट जायबंदी झाल्यामुळे. ती लढत लोकांच्या लक्षात राहिली ती सिल्वाच्या वागण्यामुळे. तो नाचला, वाकुल्या दाखवल्या, आणि उरल्या फेऱ्यांत लढायचं टाळून वेळ काढू लागला. शेवटी पंचाला विजेत्यालाच ताकीद द्यावी लागली. सुजलेल्या डोळ्याने माइया पाचव्या फेरीतही पुढेच जात राहिला, याचं कौतुक झालं. पण कौतुक बाजूला ठेवून पाहिलं तर त्या रात्री आणि पुढच्या दीड वर्षात तो काय करत होता? दुसऱ्याच्या मैदानात दुसऱ्याच्या हत्याराने लढत होता. मार्क मुनोझ आणि ख्रिस वाइडमन यांच्याविरुद्ध तो बराच वेळ उभा राहून मध्यम दर्जाच्या बॉक्सरसारखा लढला आणि हरला. जानेवारी २०१२मधली वाइडमनविरुद्धची लढत तर दोघांच्याही थकव्यामुळे इतकी रटाळ झाली, की तिच्याबद्दल न लिहिलेलंच बरं.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे. ती वर्षं वाया गेली असं म्हणायचं, तर पुढच्या यशात त्या वर्षांत शिकलेल्या ठोशांचा वाटा नव्हता का? होता. माझं म्हणणं ठोसे शिकू नयेत असं नाहीच. प्रश्न ठोसे कशासाठी, हा आहे. २०१२च्या मध्यात माइया ८४ किलोच्या मिडलवेट गटातून ७७ किलोच्या वेल्टरवेट गटात उतरला आणि तिथे त्याच्या लढण्याची मांडणीच बदलली. आता डावखुऱ्या पवित्र्यातला त्याचा ठोसा समोरच्याला लोळवण्यासाठी येत नव्हता. समोरच्याचे हात वर जावेत, वजन मागच्या पायावर जावं आणि पुढचा पाय हाताला लागावा, एवढ्यासाठी येत होता. ऑक्टोबर २०१२मध्ये रिओत त्याने रिक स्टोरीची मान अशी पिळली की त्याच्या नाकातून रक्ताची चिळकांडी उडाली. फेब्रुवारी २०१३मध्ये जॉन फिच. फिचची सारी कारकीर्दच समोरच्याला जाळीला चिकटवून, खाली दाबून, गुणांवर जिंकण्यात गेली होती. माइयाने तीन फेऱ्या त्याच्यावर तोच प्रयोग केला आणि फिचला तो असह्य झाल्याचं स्पष्ट दिसत होतं. त्यानंतर जेक शील्ड्स आणि रॉरी मॅकडॉनल्ड यांच्याकडून लागोपाठ दोन पराभव झाले आणि छत्तिशीतल्या माइयाला लोकांनी संपल्यात जमा धरलं. मे २०१४ ते मे २०१७ या तीन वर्षांत मात्र तो ओळीने सात लढती जिंकला. याकोव्हलेव्ह, लाफ्लेअर, मॅग्नी, नेल्सन, ब्राउन, कॉन्डिट, मास्विदल.

या सात लढतींतलं तंत्र जरा सविस्तर सांगण्यासारखं आहे, कारण मूळ मुद्दा त्यातच आहे. कुस्तीत ज्याला एकेरी पट म्हणतात, म्हणजे समोरच्याचा एक पाय धरून त्याला पाडणं, तिथून माइया सुरुवात करायचा. आता पट काढायला आलेल्याला रोखण्याचा सर्वमान्य उपाय म्हणजे पाय मागे फेकून त्याच्यावर छातीचा भार टाकणं. बहुतेक लढवय्ये इथे माघार घेतात, उठतात, पुन्हा प्रयत्न करतात आणि दमतात. माइया माघार घ्यायचाच नाही. भार आला की तो मुद्दाम खाली बसायचा, समोरच्याचा एक पाय आपल्या दोन पायांत अडकवायचा आणि पाठीवर जायचा. पाहणाऱ्याला वाटावं, डाव फसला. प्रत्यक्षात पकड सुटलेली नसायची. वरचा माणूस सुटण्यासाठी हात टेकायचा, वजन सरकवायचा, आणि त्या सरकण्यातून माइया खालून निघून त्याच्या मागे पोचायचा. म्हणजे पट यशस्वी झाला तरी मुक्काम पाठीमागे, आणि पट फसला तरी मुक्काम पाठीमागेच. मागे पोचल्यावर तो पायांचा त्रिकोण कमरेभोवती आवळून टाकायचा, आणि मग उरलेली फेरी फक्त हातांची झटापट. मॅट ब्राउनने ती झटापट तिसऱ्या फेरीच्या शेवटापर्यंत लांबवली आणि अर्ध्या मिनिटासाठी हरला. गुनार नेल्सनची गोष्ट आणखी बोलकी आहे. आइसलंडचा हा मल्ल स्वतः जिउ-जित्सूतला काळा पट्टा मिळवलेला, त्या विद्येतलं मोठं नाव. डिसेंबर २०१५मध्ये लास वेगासला माइयाने त्याला तीन फेऱ्या जमिनीवर असं लोळवलं, की दोघांकडे एकाच रंगाचा पट्टा आहे यावर विश्वास बसू नये. (ती रात्र लोकांच्या लक्षात राहिली ती मुख्य लढतीत मॅकग्रेगरने अल्डोला १३ सेकंदांत झोपवलं म्हणून. अशा रात्री माइयासारख्यांचं काम झाकोळून जातं.)

आता मोठा आक्षेप. माइया दोनदा पट्ट्यासाठी लढला आणि दोन्ही वेळा हरला. दुसरी संधी २९ जुलै २०१७ला अ‍ॅनाहाइमला टायरन वुडलीविरुद्ध मिळाली. माइयाने वीसपेक्षा जास्त वेळा पट काढण्याचा प्रयत्न केला आणि एकदाही वुडली खाली आला नाही. प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. पाठोपाठ ऑक्टोबरात साओ पावलोत, म्हणजे माइयाच्याच गावात, कोल्बी कॉव्हिंग्टनने आणि मे २०१८मध्ये चिलीची राजधानी सँटियागोत कमारू उस्मानने त्याला गुणांवर हरवलं. टीकाकारांचं म्हणणं असं: पाहा, सर्वोच्च पातळीवर एकच डाव पुरत नाही. हे म्हणणं वरवर बिनतोड आहे, पण हरवणारे कोण होते ते पाहिलं की चित्र बदलतं. वुडली, कॉव्हिंग्टन, उस्मान, त्याआधी मुनोझ आणि वाइडमन, हे पाचही जण अमेरिकी महाविद्यालयीन कुस्तीच्या राष्ट्रीय पातळीवरचे मल्ल. मुनोझ आणि उस्मान तर आपापल्या विभागातले राष्ट्रीय विजेते. म्हणजे माइयाच्या अकरा पराभवांपैकी पाच पराभव एकाच जातीच्या प्रतिस्पर्ध्यांकडून झाले, आणि त्यातल्या कुणीही त्याला जमिनीवर त्याच्या खेळात हरवलेलं नाही. त्यांनी लढत जमिनीवर जाऊच दिली नाही, किंवा गेली तर लगेच उठून उभे राहिले. यूएफसीच्या पिंजऱ्यात जाळीला पाठ लावून उभं राहता येतं, ही सोयही त्यांच्या कामी आली. आपल्या हौद्यात किंवा जिउ-जित्सूच्या गादीवर टेकायला अशी भिंत नसते. माइयाची मर्यादा घर लहान असण्याची नव्हती, घराला एकच दार असण्याची होती. ते दार अडवणारा माणूस मिळाला, की आत कितीही वैभव असो, उपयोग नाही.

याची दुसरी बाजू सांगितल्याशिवाय पुरावा पुरा होत नाही. ऑक्टोबर २०१९मध्ये सिंगापूरला माइयासमोर बेन आस्क्रन आला. दोनदा महाविद्यालयीन राष्ट्रीय विजेता, २००८च्या ऑलिंपिकमध्ये अमेरिकेकडून उतरलेला, वर सांगितलेल्या पाचही जणांपेक्षा कुस्तीत मोठा. माइया तेव्हा बेचाळिशीला टेकला होता. आणि तरीही तिसऱ्या फेरीत आस्क्रनने थाप दिली. कारण साधं आहे: आस्क्रनला स्वतःलाच लढत जमिनीवर न्यायची होती, त्याला दुसरं काही येतच नव्हतं. तेव्हा कुस्ती श्रेष्ठ की जिउ-जित्सू असला वाद इथे गैरलागू आहे. वुडलीकडे दार अडवण्याचं बळ होतं आणि त्याबरोबर बाहेर थांबण्याचा संयमही होता. त्याच्या त्या लढतीला रटाळ म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं की पंचवीस मिनिटं तो हात राखून का लढला. ठोसा जोरात मारायला पुढे झुकलं की पाय हाती लागतो, आणि पाय हाती लागला की काय होतं हे कॉन्डिटने वर्षभरापूर्वी दाखवून दिलं होतं. एका माणसाच्या एका डावाच्या धाकाने जगज्जेता आपली हत्यारं म्यान करून लढला, हे त्या डावाच्या दुबळेपणाचं लक्षण म्हणता येणार नाही.

याहून कठीण प्रश्न चार्ल्स ऑलिव्हेराचा आहे. माइयाच्याच देशातला, माइयाप्रमाणेच ग्रॅपलर, यूएफसीत प्रतिस्पर्ध्याला थाप द्यायला लावण्याचा विक्रम ज्याच्या नावावर आहे असा हा लढवय्या मे २०२१मध्ये जगज्जेता झाला तो मायकेल चँडलरला ठोशांनी लोळवून. म्हणजे माइयाला हातही तसेच असते तर पट्टा मिळाला असता की नाही? बहुधा मिळाला असता, आणि हे मान्य करायला मला संकोच नाही. दुसऱ्या दाराची उणीव खरीच होती. पण ऑलिव्हेराचे ठोसे चालतात ते कशामुळे? त्याला पाडणारा प्रतिस्पर्धी त्याच्यावर झेपावायला कचरतो, कारण खाली तो वरच्यापेक्षा जास्त घातक आहे. मग तो निर्धास्तपणे ठोसे फेकू शकतो. खबीब नूरमागोमेदोव्ह २९ लढती जिंकून एकही न हरता २०२०मध्ये थांबला, त्याचंही असंच. त्याने खाली पाडून ठोशांचा मारा केला, पण त्या माऱ्याचा पाया पाडण्यात होता. या दोघांनी थोडं थोडं सगळं शिकून यश मिळवलेलं नाही. त्यांचा आस एकच होता आणि बाकी सगळं त्याच्याभोवती फिरत होतं. २०१०-११चा माइया आस सोडून बसला होता म्हणून हरला. २०१५-१६चा माइया आसावर परतला म्हणून जिंकला. आणि त्या आसाभोवती आणखी एखादं चाक हवं होतं ते जमेपर्यंत तो चाळिशीला आला होता.

उरला तो आक्षेप प्रेक्षकांचा: हे बघायला कंटाळा येतो. दोन माणसं एकमेकांना विळखा घालून चार मिनिटं पडून आहेत, यात बघायचं काय? यावर मी चव बदला असं सांगणार नाही. ज्याला ठोशांची आतषबाजी आवडते त्याला ती आवडू दे. पण या खेळाचा एक हिशेब कंटाळ्याच्या वर आहे. डोक्यावर वर्षानुवर्षं पडणाऱ्या आघातांनी बॉक्सरांच्या मेंदूचं काय होतं हे वैद्यकाला जवळजवळ शंभर वर्षं माहीत आहे, आणि एमएमए त्यातून सुटलेला नाही. माइयाने वारंवार सांगितलं आहे की समोरच्याला इजा न करता जिंकता येतं हे त्याला दाखवायचं होतं. स्टोरीच्या नाकातलं रक्त आठवून कुणी हसेल, आणि २००८मध्ये मॉन्ट्रिअलला एड हर्मन थाप न देता त्रिकोणातच बेशुद्ध झाला होता हेही खरं. गळा आवळणं म्हणजे मालिश नव्हे. तरीही यूएफसीतल्या त्याच्या बावीस विजयांपैकी अकरा विजयांचा शेवट ज्या रीतीने झाला, तीत हरणाऱ्याच्या हाती एक निर्णय शिल्लक असतो: थाप द्यायची की नाही. ठोशाने कोसळणाऱ्याला तो निर्णय मिळत नाही. आणि मार कमी देण्याचा हा स्वभाव मार कमी खाण्याशीही जोडलेला आहे. पाठीमागे विळखा घालून बसलेल्याला ठोसे बसत नाहीत. ज्या खेळात पस्तिशीत माणसं उतरणीला लागतात, तिथे माइयाने आपली सर्वोत्तम वर्षं छत्तीस ते एकोणचाळीस या वयात काढली, ती काही केवळ नशिबाने नव्हे.

अखेर वयाने गाठलंच. मार्च २०२०मध्ये साथीमुळे रिकाम्या ठेवलेल्या ब्राझिलियातल्या सभागृहात गिल्बर्ट बर्न्सच्या डाव्या ठोशाने तो पहिल्या फेरीत कोसळला. बर्न्स स्वतः जिउ-जित्सूचा जगज्जेता, म्हणजे ज्याला जमिनीची भीती नाही असा ठोसेबाज. जून २०२१मध्ये बलाल मुहम्मदने बहुतेक सगळे पट हुकवत गुणांवर बाजी मारली, आणि त्यानंतर यूएफसीने त्रेचाळीस वर्षांच्या माइयाशी नवा करार केला नाही. हिशेब असा: एकूण एकोणचाळीस लढती, अठ्ठावीस विजय, अकरा पराभव. पराभवांपैकी नऊ गुणांवर, दोन ठोशांनी. त्याला हरवणाऱ्यांपैकी सिल्वा, वाइडमन, वुडली, उस्मान आणि मुहम्मद या पाच जणांनी कधी ना कधी यूएफसीचा पट्टा कमरेला बांधला.

पट्टा न मिळालेल्यांमध्ये माझ्या लेखी माइया सर्वांत वरचा आहे, आणि पट्टा मिळालेल्या कित्येकांपेक्षा त्याच्या लढतींतून शिकण्यासारखं जास्त आहे. ज्यांना हा खेळ नव्याने पाहायचा आहे त्यांनी कॉन्डिटपासून सुरुवात करू नये, ती फार लवकर संपते. आधी वुडलीची लढत पूर्ण पाहावी, न कंटाळता, वुडलीच्या पायांवर नजर ठेवून. मग मॅट ब्राउनची पाहावी. तिसऱ्या फेरीचं घड्याळ संपायला एकोणतीस सेकंद असताना ती थांबते.